बॉबिन संपली की उठायचं

२०२२ चा एप्रिल. लगीनसराई ऐन भरात होती आणि एकाच नवरीचे अकरा ब्लाऊज माझ्याकडे होते. मी कराडला घरीच शिवणकाम करते, पंचवीस वर्षं होत आली. त्या दुपारी सतरंजीवर कापड पसरून, ओणवी होऊन अस्तरं कापत होते. शेवटचं अस्तर कापलं, कात्री बाजूला ठेवली आणि उठायला गेले, तर कमरेत अशी चमक भरली की अर्ध्यातच अडकले. खाली बसवेना, सरळ उभं राहवेना. लेकीच्या खांद्याला धरून पलंगापर्यंत पोचायला दहा मिनिटं तरी लागली असतील. तोवर घामानं सगळं अंग भिजलं होतं.

कंबर त्याआधी दुखत नव्हती असं नाही. गौरी-गणपती, दिवाळी आणि लग्नाचे मुहूर्त, वर्षातून तीनदा ती धरायचीच. सासूबाई निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून शेक द्यायच्या, मी मेडिकलमधून गोळी आणायचे आणि चार दिवसांत परत मशीनवर बसायचे. शिवणकाम करणारीची पाठ दुखणारच, असं आम्ही सगळ्याजणी धरूनच चाललेल्या असतो. या वेळी मात्र चार दिवसांचे आठ झाले, आठाचे एकवीस झाले. नवरीचे ब्लाऊज दुसऱ्या बाईंकडे पाठवावे लागले. मी कापलेली अस्तरं पिशवीत भरून देताना मला रडू आवरलं नाही.

मग एमआरआय झाला. रिपोर्ट इंग्रजीत. जिथं दाखवला तिथं एवढंच सांगितलं की मणक्यात गॅप आलाय, नस दबायला लागलीय. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, मांडी घालून बसायचं नाही आणि शिलाई बंद करता आली तर बघा. कमरेला पट्टा आला, दहा दिवस ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून कमरेला ओढ देणं, झालं, गोळ्यांची पाकिटं आली. घरी येणारी प्रत्येक बाई आपल्या ओळखीतल्या कुणाचं तरी गॅपचं ऑपरेशन कसं झालं ते सांगून जायची.

‘गॅप’ हा शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसला. दोन हाडांच्या मधे मोकळी फट पडलीय आणि जरा वाकलं की तिथनं काहीतरी मोडेल, असं चित्र डोळ्यांसमोर यायचं. एकदा मशीनखाली टाचणी पडली. पायाच्या बोटापासून वीतभर अंतरावर चकाकत होती. मी खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहिले आणि लेक कॉलेजातून येईपर्यंत, जवळजवळ दोन तास, ती तिथंच राहू दिली. कुणाच्या पायात जाईल ही भीती होती, पण वाकायची भीती त्याहून मोठी होती. त्या वर्षी गौरीजेवणाला सगळ्या पंगतीत बसल्या आणि मी भिंतीला लावलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत ताट मांडीवर घेऊन जेवले. सासूबाई मला वाढताना काही बोलल्या नाहीत. पण रात्री यांना म्हणाल्या, “हिला कुठंतरी नीट दाखवा, ही आतून मोडायला लागलीय.”

म्हणून सप्टेंबरात फिजिओथेरपीला गेले. तिथली डॉक्टर माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिनं रिपोर्टला हात न लावता आधी प्रश्न विचारले. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटलाय का? जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आहे का? पाय लुळा पडतो का, चप्पल निसटते का? ताप येतो का, वजन आपोआप उतरलंय का, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे का? घरात कुणाला टीबी होता का, कधी कॅन्सरचं काही निघालं होतं का? हे का विचारता म्हटल्यावर तिनं सांगितलं, की यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे पळायचं. लघवीचा ताबा आणि जांघेतला बधिरपणा असेल तर त्याच दिवशी, एक रात्रही थांबायचं नाही. पाठीच्या मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही सापडतो, म्हणून तो प्रश्न ती प्रत्येकाला विचारते. पाठ दुखणाऱ्या माझ्या ओळखीच्या सगळ्या बायकांना मी आता पहिल्यांदा हेच प्रश्न विचारते.

मग तिनं मला टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, अंगठा दाबून जोर बघितला. सगळं झाल्यावर म्हणाली, “काकू, गॅप वगैरे काही नाही हो. दोन मणक्यांमधे गादी असते. वय वाढतं तशी ती थोडी चपटी होते, थोडी बाहेर फुगते. तुमचे केस पांढरे झाले, तसंच हे.” तिच्याकडे एक कागद होता. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली निघाला होता, त्यातले आकडे. चाळिशीतल्या निम्म्या लोकांची गादी फुगलेली होती, पन्नाशीत शंभरातल्या साठांची. आणि दुखत कुणाचंच नव्हतं! मी तो कागद दोनदा वाचला. पाच महिने ज्या शब्दानं मला खुर्चीला बांधून ठेवलं होतं, त्याचा जोर त्या एका दुपारी निम्मा झाला. उरलेला निम्मा जायला वर्ष लागलं.

पाठ ‘बरी’ करून देईन असं ती एकदाही म्हणाली नाही. तीन महिन्यांच्या वर चाललेलं दुखणं हे सवयींनी ताब्यात ठेवायचं असतं, एवढंच म्हणाली. आणि मला म्हणाली, दिवस कसा जातो त्याचा व्हिडिओ काढून आणा.

लेकीनं दोन दिवस मोबाईलवर मला टिपलं. तेव्हा मी थोडंफार काम परत धरलं होतं. ते बघताना मला माझीच पाठ पहिल्यांदा दिसली. स्टूल इतकं बुटकं होतं की गुडघे कमरेच्या वर आले होते आणि खालची पाठ गोल झाली होती. सुईचं टोक दिसावं म्हणून मी मान पुढं काढून, जवळजवळ मशीनच्या मुंडीला कपाळ टेकवून शिवत होते. तिसरी गोष्ट तिनं विचारली म्हणून लक्षात आली. “मोटार कधी बसवली?” २०२० मध्ये. पायानं मशीन चालवत होते तोवर निदान पाय हलत होते, दमलं की आपोआप थांबणं व्हायचं. मोटार आली आणि मी तीन-तीन तास जागची हलेनाशी झाले. काम दुप्पट वेगानं व्हायला लागलं म्हणून मी खूश होते, आणि कंबर मात्र तेव्हापासूनच जास्त धरायला लागली होती.

स्टूलवर घडी घातलेली घोंगडी टाकली, दोन इंच उंची वाढली. मांड्या किंचित उतरत्या आल्या आणि पाठ आपोआप सरळ झाली, मुद्दाम ताठ बसावं लागलं नाही. चष्म्याचा नंबर तपासला तर वाढलेला निघाला. सुईजवळ एक लहान एलईडी दिवा लावला. पाठीच्या दुखण्याला चष्म्याचा उपाय लागू पडेल असं मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, पण खांद्यामधली रग पहिल्यांदा गेली ती त्या चष्म्यानंच.

कटिंग जमिनीवरनं उठवायला जरा वेळ लागला. टेबल घ्यायला पैसे नव्हते. यांनी माळ्यावरचं जुनं दार उतरवलं, रंधा मारून गुळगुळीत केलं आणि दोन लोखंडी घोड्यांवर ठेवलं. उंची ठरवताना मी उभी राहिले, हात कोपरात दुमडला आणि कोपराच्या चार बोटं खाली खूण केली. आमचं माप पस्तीस इंच आलं. दाराखाली एक पाट ठेवलाय. कापताना एक पाय त्यावर टेकवायचा, दमला की दुसरा. उभ्यानं कापायला हात बसायला पंधरा दिवस लागले, पहिल्या दोन कटोऱ्या तर वाकड्याच कापल्या गेल्या. आता जमिनीवरचं कटिंग मला नको वाटतं.

पण या सगळ्यात मोठी सवय बॉबिनची. डॉक्टरनं सांगितलं होतं, अर्ध्या तासानं उठा, मोबाईलला गजर लावा. गजर लावला. गळा लावताना तो वाजला की मी बंद करायचे, “एवढी शिवण झाली की उठते,” आणि ती शिवण संपायचीच नाही. आठवड्याभरात गजराचा आवाज कानाला ऐकूच येईनासा झाला. मग एक दिवस बॉबिन संपली. खालचा दोरा संपला की मशीन चालतं, शिवण पडत नाही. तिथं थांबावंच लागतं, पर्याय नसतो. तेव्हा डोक्यात आलं, हाच माझा गजर. मी आधी तीन-चार बॉबिनी एकदम भरून डबीत ठेवायचे, वेळ वाचावा म्हणून. ते बंद केलं. आता एकच भरते. दोऱ्याची रिळं खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीत ठेवलीत. बॉबिन संपली की उठायचं, खिडकीपर्यंत जायचं, दोन्ही तळवे कमरेवर ठेवून चार-पाच वेळा हळूच मागं वाकायचं, पाणी प्यायचं, रीळ घेऊन यायचं. सलग शिवलं तर एक बॉबिन मला साधारण अर्धा-पाऊण तास पुरते. ही सवय तीन वर्षांत एकदाच मोडली, ते पुढं सांगते; एरवी ती मोडायची सोयच नाही. सवय लावताना मनाचा निर्धार वगैरे माझ्याच्यानं झाला नाही. जे काम दिवसात होणारच आहे त्याच्या खुंटीला ती टांगली, तेव्हाच ती टिकली.

तसंच सकाळचं. आमच्याकडे नळाला पाणी पहाटे येतं. उठल्या उठल्या ओणवं होऊन हंडा भरायचा, उचलायचा, सडा टाकायचा, वाकून रांगोळी काढायची, हे लग्न होऊन आल्यापासूनचं. डॉक्टरनं समजावलं, की रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर तरी उंच असतो, ते त्यामुळंच. त्या ताठलेल्या गाद्यांवर पहिल्या तासात वाकण्याचा ताण जास्त येतो. म्हणून पहिला तास कमरेतून वाकायचं टाळायचं. आता उठतानाच आधी कुशीवर वळते, पाय पलंगाखाली सोडते आणि हातानं रेटून उठते. तोंड धुताना एक हात बेसिनवर टेकवते. पाणी हे भरतात. रांगोळी आठ वाजता, व्यायाम झाल्यावर, एक गुडघा टेकवून. आधी शेजारणी विचारायच्या, आज रांगोळीला उशीर? आता विचारत नाहीत.

वाकायचं टाळायचं ते फक्त त्या तासापुरतं. बाकी दिवसभर तिनं मला उलट वाकायला लावलं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त धास्ती होती. पहिल्या आठवड्यात ओट्यावर हात टेकून अर्धंच. मग खुर्चीवर ठेवलेली वस्तू उचलायची. मग स्टुलावरची. मग पाटावरची. नोव्हेंबर उजाडला तेव्हा मी जमिनीवरनं टाचणी उचलली. उचलून हातात धरून तशीच उभी राहिले. काही मोडलं नव्हतं.

व्यायाम चारच आहेत आणि बारा-तेरा मिनिटांत होतात. योगवर्गाला जाणाऱ्यांना ओळखीचे वाटतील: मार्जारासनासारखी पाठ वर-खाली करणं, सेतुबंधासनासारखी कंबर उचलणं, हातापायांवर रांगतं राहून उलट बाजूचा हात आणि पाय लांबवणं, आणि कुशीवर कोपर व गुडघे टेकून कंबर उचलून धरणं. सुरुवातीला प्रत्येकी पाच अंक मोजायचे आणि थांबायचे. अंगात जोर आहे म्हणून पंधरा केले की दुसऱ्या दिवशी फळ भोगावं लागायचं. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि अर्ध्या-एक तासात निवलं तर चालेल, दुसऱ्या दिवसापर्यंत राहिलं तर एक पायरी खाली यायचं, हा तिचा हिशेब मला फार उपयोगी पडला. गोळ्यांचं म्हणाल तर रोज गोळी खाऊन पोटात जळजळ सुरू झालीच होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी महिन्याभरात ती हळूहळू कमी केली. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या महिनोन्महिने मनानं घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला धक्का बसतो, हे मला त्यांनी तेव्हा सांगितलं. मेडिकलच्या काउंटरवर ते कधी कळलं नव्हतं.

मापाच्या वहीची मागची पानं मी पाठीचा हिशेब लिहायला ठेवली. पहिले काही दिवस तिथं किती दुखलं ते लिहायचे, दहापैकी सहा, दहापैकी सात. डॉक्टरनं ते थांबवलं. म्हणाली, दुखणं लिहू नका, काय केलं ते लिहा. तेव्हापासून तिथं बॉबिनी, चालणं आणि व्यायाम यांच्या खुणा आहेत. सकाळ-संध्याकाळ दुखणं मोजायचं बंद झालं, तेव्हा माझं लक्ष त्याच्यावरनं थोडं उठलं.

झोपेबद्दल थोडं. कडक जागी झोपावं असं सगळे सांगतात म्हणून मी पाच महिने फरशीवर नुसत्या चटईवर झोपले आणि रोज सकाळी लाकडासारखी उठले. आता पलंगावर कापसाची गादी आहे, फार मऊ नाही, फार कडक नाही. कुशीवर झोपताना गुडघ्यांमधे उशी.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि २०२३ ची दिवाळी आली. मला इतकं बरं वाटत होतं की मी चालणं सोडलं, व्यायामही सोडला, आणि बॉबिन संपली की लेकच भरून आणून द्यायला लागली. दिवसाला दहा-अकरा तास काम. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मशीनवरनं उठताना कंबर परत धरली, अगदी तशीच. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि वाटलं, गेलं सगळं पाण्यात.

पण या वेळी पडून राहिले नाही. एक दिवस विश्रांती, गरम पाण्याची पिशवी, डॉक्टरांना विचारून दोन दिवस गोळी, आणि दर तासाला घरातल्या घरात पाच मिनिटं फेऱ्या. दुखत होतं, तरी फेऱ्या घातल्या. नवव्या दिवशी मशीनवर होते. दीड वर्षापूर्वी याच दुखण्यानं मला पाच महिने बसवलं होतं. चुकलं कुठं तेही स्पष्ट दिसलं: दुखताना मी सगळं पाळते आणि बरं वाटलं की सोडते. त्या दिवाळीनंतर मी दिवसाला तीनच अस्तरचे ब्लाऊज घ्यायचे ठरवले. अर्जंट घेणं बंद केलं. काही गिऱ्हाइकं गेली, सहा महिने पैशाची ओढाताण झाली, लेकीच्या फीचा एक हप्ता उशिरा भरावा लागला. हे लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण पाठीला जपा असं सांगणाऱ्यांना त्याची किंमत क्वचितच मोजावी लागते, आणि हातावर पोट असलेल्या बाईला ती रोज मोजावी लागते.

लेक आता नर्सिंगला आहे. त्याच डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शन काढलं, ते तिनं मला वाचून दाखवलं. त्यात व्यायाम आणि दुखण्याची नीट समज करून देणं यांना स्थान आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन मात्र नेहमीच्या उपचारात देऊ नका असं म्हटलंय. माझे किती पैसे आणि किती महिने त्यात गेले ते आठवून मला वाईट वाटलं. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाची माहिती तिनं दाखवली. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवत नेत चालायला शिकवलं होतं आणि दुखण्याबद्दल नीट समजावलं होतं. त्यांची कंबर परत दुखायला लागेपर्यंत मधे साधारण २०८ दिवस गेले, बाकीच्यांचे ११२. कुठलं यंत्र नाही, कसली गोळी नाही, फक्त चालणं आणि समज.

मी प्रीतिसंगमावर चालायला जाते. सुरुवात घराच्या कोपऱ्यापासून केली होती, पाच मिनिटं. मग दहा. आता आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, घाटापर्यंत आणि परत. कृष्णा आणि कोयना दोघीही महाबळेश्वरावरनं निघून इथं अगदी समोरासमोर येऊन मिळतात. यशवंतरावांच्या समाधीजवळ दोन मिनिटं टेकते आणि उठते. तिथं रोज दिसणाऱ्या बायकांपैकी निम्म्या तरी कमरेवर हात ठेवून चालतात. काहींशी ओळख झालीय.

दुखणं गेलेलं नाही. पावसाळ्यात आणि एसटीच्या लांब प्रवासानंतर कंबर बोलतेच. परवाच्या गौरीजेवणाला मात्र मी पंगतीत बसले, पाटावर, मांडी घालून. मधे एकदा पाय बदलला.

गेल्या जूनपासून माझ्याकडे दोन मुली शिवण शिकायला येतात, एक एकोणीस वर्षांची आणि एक बावीस. पहिल्या दिवशी दोघी नवी वही आणि कात्री घेऊन आल्या. कापडाला हात लावायच्या आधी मी त्यांना खुर्चीवर बसवलं, टेप काढली आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत माप घेतलं. एकीचं साडेपंधरा, दुसरीचं सतरा. त्याच्यावर दोन इंच वाढवून दोघींची स्टुलं वेगवेगळ्या उंचीची लावली. मापाच्या वहीत त्यांच्या नावाखाली छाती, खांदा, गळा यांच्याही आधी ते माप लिहिलंय.